वरचे वारे आणि खालचा बांध

आकाश निरभ्र आहे असें म्हणतांना आपण फारच थोड्या आकाशाविषयीं बोलत असतों. ढग, पाऊस, वीज, गारा हें सारें जमिनीपासून फार तर १५-१६ किलोमीटरांच्या आंत उरकतें; शहागडाहून गोदावरीचा पूल ओलांडून गेवराईस जाण्याला जेवढा रस्ता, त्याहून हें अंतर फारसें अधिक नव्हे. त्याच्या वर आकाश संपत नाहीं. तेथेंही दिवस-रात्र आहे, भरती-ओहोटी आहे, वारे आहेत आणि वादळेंही आहेत. मात्र तीं डोळ्यांस दिसत नाहींत कीं कानांस ऐकूं येत नाहींत. आजच्या सदरासाठीं आम्हीं हा विषय घेतला याचें कारण असें कीं, त्या अदृश्य वादळांचा प्रश्न आतां शास्त्रज्ञांच्या खोलींत राहिलेला नसून आमच्या गांवच्या शेताच्या बांधावर येऊन बसला आहे.

गोष्ट एका चैत्रांतील आहे. येथील एका घरांत दोघां चुलतभावांची वांटणी व्हावयाची होती. शेत नदीकांठचें, जमीन काळी कसदार; परंतु पुराच्या पाण्यानें हद्दीचे दगड कधींच हलले होते, आणि वडिलांच्या वेळचा बांध नेमका कोठें होता याविषयीं प्रत्येकाची स्मरणशक्ति आपापल्या बाजूस हात-दोन हात उदार होती. पूर्वीं अशा कामाला तेहेतीस फुटी साखळी घेऊन माणसें येत. आतां काठीच्या टोंकाला वाटीएवढें यंत्र बसवून मोजणीदार येतो. त्या यंत्रास रोव्हर म्हणतात. उपग्रहांचे संदेश घेऊन तें आपली जागा दोन-तीन सेंटिमीटरांच्या अचूकपणानें सांगतें. उभयतांनीं मिळून एक खाजगी मोजणीदार आणविला होता. तीन कोपरे दिवसाउजेडीं झाले. चौथ्याला दिवेलागण होऊन गेली. यंत्राच्या पडद्यावर ‘फिक्स’ अशीं अक्षरें यावयास हवींत तीं येईनात. ‘फ्लोट’ येई, जाई, पुन्हां येई. मोजणीदार म्हणाला, “वर आकाश बरोबर नाहीं.” वर तर टिपूर चांदणें पडलें होतें. धाकटे बंधु हंसले. खुंटी ठोकली गेली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुन्हां मोजून पाहतां तिची जागा दीड हात पश्चिमेस निघाली. आणि मग त्या दीड हातांतून मोजणीदार कोणी फोडला, किती रुपयांस फोडला, येथपर्यंत बोलणीं गेलीं. त्या महिन्यांत एका स्वयंपाकघरांतील चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला दुसऱ्या स्वयंपाकघरांतील बायका गेल्या नाहींत. आमच्या मतें त्या माणसाचें वाक्य अक्षरशः खरें असण्याचा संभव फार होता. आकाश बरोबर नाहीं हें कळल्यावर त्यानें खुंटी मात्र ठोकावयास नको होती.

तर हें ‘वरचें आकाश’ म्हणजे काय? भास्कराचार्यांनीं ११५० सालच्या सिद्धान्तशिरोमणींत भूवायूची मर्यादा १२ योजनें सांगितली आहे; ढग आणि विजा त्याच्या आंत, आणि त्यापलीकडे ग्रहनक्षत्रांस फिरविणारा प्रवह वायु. त्यांच्याच मतानें पृथ्वीचा परिघ ४९६७ योजनें. आजचा परिघ ४०,००० किलोमीटर धरून त्रैराशिक मांडलें असतां १२ योजनांचे सुमारें ९७ किलोमीटर होतात. आणि आजचें शास्त्र ज्या थरांत वारे वीज उत्पन्न करितात असें सांगतें, तो थरही सुमारें १०० किलोमीटरांच्या उंचीवरच लागतो. हा आंकडा ऐकून आमचे कांहीं स्नेही टाळी वाजवितात. आम्ही वाजवीत नाहीं. आचार्यांचा प्रवह निराळ्या कामासाठीं कल्पिलेला होता. त्याला आजचें शास्त्र चिकटविणें हा आचार्यांचाच अवमान होय. त्यांची थोरवी त्यांच्या गणितांत आहे, आपल्या हौसेंत नाहीं.

सूर्याच्या प्रकाशांत आपणांस दिसणाऱ्या सात रंगांशिवाय अतिनील आणि क्ष-किरणही असतात. त्यांतील तीव्र किरण जमिनीपर्यंत पोंचत नाहींत हें आपलें भाग्य. वरची विरळ हवा ते अडविते. अडवितांना तिच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि मागें धनभारित आयन राहतात. सुमारें ६० किलोमीटरांपासून हजार किलोमीटरांपर्यंत पसरलेल्या या भारित कणांच्या प्रदेशाला आयनांबर म्हणतात. सर्वांत दाट भाग ३०० किलोमीटरांच्या आसपास असतो. तेथें भर दुपारीं साखरेच्या एका लहान खड्याएवढ्या जागेंत, म्हणजे एका घन सेंटिमीटरांत, दहा लक्षांपर्यंत इलेक्ट्रॉन असतात. हा आंकडा मोठा वाटतो. परंतु त्याच जागेंत न फुटलेले साधे अणु त्याच्या हजारपट असतात. हें प्रमाण वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. हजारांत एक कण विजेचा आणि बाकीचे साधे, म्हणजे वारा वाहूं लागला कीं गर्दींत सांपडलेल्या मुलाप्रमाणें त्या एकाची फरफट ही व्हावयाचीच. सूर्य मावळला कीं नवे इलेक्ट्रॉन सुटणें थांबतें आणि जुने आयनांस मिळून जातात. खालच्या थरांत हें काम भराभर होतें, वरच्यांत रात्रभर रेंगाळतें.

ज्यांच्या घरांत रेडिओचा मोठा लांकडी डबा होता त्यांना हें आयनांबर नांवानें नसलें तरी अनुभवानें ठाऊक आहे. आमच्या लहानपणीं बुधवारीं रात्रीं आठ वाजतां सिलोन लावण्यासाठीं माळवदावर तार ताणलेली असे. समुद्रापलीकडच्या त्या लघुलहरी सरळ मार्गानें येथें येणें शक्यच नव्हतें, कारण पृथ्वीची पाठ आड येते; त्या आयनांबरावर आदळून, परतून खालीं येत. मध्येंच आवाज बुडे, खरखर होई, आणि पुन्हां वर येई. तेव्हां घरांतील धाकट्याला माळवदावर चढवून तार हालविण्यास सांगण्याची रीत होती. तो बिचारा अंधारांत तार हालवी आणि आवाज आपल्या मर्जीनें परत येई. श्रेय मात्र त्याला मिळे. हालत होता तो वरचा आरसा.

हा आरसा हालवितो कोण? एक वारा आणि दुसरें चुंबकत्व. सूर्य ज्या बाजूस तापवितो तेथील वरची हवा फुगते आणि थंड बाजूकडे धांवते. ३०० किलोमीटरांवर हे वारे ताशीं ४००-५०० किलोमीटर वेगानें सहज वाहतात. परंतु हवा इतकी विरळ कीं त्या झंझावातांत एक पीसही हालणार नाहीं. सुमारें ११० किलोमीटरांवर निराळा प्रकार घडतो. सूर्याच्या तापण्यानें वातावरणाला रोज जी भरती-ओहोटी येते, ती तेथील भारित हवेला पृथ्वीच्या चुंबकरेषांतून आडवी ओढते. चुंबकाच्या क्षेत्रांतून वाहक आडवा हालविला कीं वीज उत्पन्न होते, हें शाळेंतील डायनामोचें तत्त्व. तोच डायनामो येथें गांवाएवढा नव्हे, खंडाएवढा होऊन फिरत असतो. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोंकाजवळ तिरुनेलवेलीच्या आसपासून जातें. त्याच्या वरून दिवसा पश्चिमेकडून पूर्वेकडे विजेचा एक प्रबळ प्रवाह वाहतो. २१ नोव्हेंबर १९६३ रोजीं केरळांतील थुंबा येथून भारताच्या भूमीवरून पहिलें संशोधन-रॉकेट उडालें, तें स्थळ निवडण्याचें कारण हाच प्रवाह आणि हेंच विषुववृत्त.

याच डायनामोनें निर्माण केलेलें विद्युत्क्षेत्र दिवसा तेथील इलेक्ट्रॉन आणि आयन यांना वर उचलतें. कित्येकशें किलोमीटर वर गेल्यावर ते वजनानें खालीं येऊं लागतात, परंतु आल्या वाटेनें नव्हे; चुंबकरेषांच्या कमानींवरून घसरत उत्तरेस आणि दक्षिणेस उतरतात. कारंज्याचें पाणी मध्यें उडतें आणि कडेला पडतें, त्याप्रमाणें. परिणाम असा कीं, ज्या विषुववृत्तावर ऊन सर्वांत कडक तेथेंच आयनांबर कमी दाट, आणि दोन्ही बाजूंस १५ अंशांच्या आसपास त्याचे दोन दाट डोंगर उभे राहतात. त्यांतील उत्तरेचा डोंगर सामान्यतः अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यावर असतो. आतां नकाशा काढून पाहावें. शहागड चुंबकीय विषुववृत्तापासून सुमारें साडेदहा अंश उत्तरेस. म्हणजे आम्ही खोलगटांतही नाहीं आणि माथ्यावरही नाहीं. आम्ही उतारावर आहों. आणि उतारावरच्या शेताला पाण्याचा जो त्रास, तोच आम्हांला वरच्या आकाशाचा आहे. येथून २०-२५ कोस उत्तरेस गेलें तर वरचा थर दाट, तितकेंच दक्षिणेस गेलें तर विरळ. हा उतार रोज सारखा नसतो. आणि सूर्यावरून वादळ आलें कीं तो डोंगर आपल्या जागेवरून सरकतो.

सूर्यावरच्या वादळाची वार्ता महाराष्ट्राच्या भूमीवर फार पूर्वीं नोंदली गेली आहे, आणि ती नोंद आज सर्व जगाच्या उपयोगीं पडते. मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ सालची. तेथें १८४० नंतरच्या दशकांत पृथ्वीच्या चुंबकत्वाचें मोजमाप नियमितपणें सुरू झालें. १ सप्टेंबर १८५९ रोजीं इंग्लंडांत कॅरिंग्टन नांवाच्या गृहस्थांना सूर्याच्या डागांवर एकाएकीं पांढरी ठिणगी चमकलेली दिसली. सतरा-अठरा तासांनीं, २ सप्टेंबरच्या सकाळीं, कुलाब्याच्या टांगलेल्या चुंबकानें जागा सोडली. त्या काळीं दुर्बिणींतून मोजपट्टी डोळ्यांनीं पाहून आंकडे लिहीत. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आडवा जोर तेथें ३७-३८ हजार नॅनोटेस्लांच्या घरांतला. तो कांहीं वेळांत सुमारें १६०० नॅनोटेस्लांनीं उतरला. एखादें जोरदार वादळ शंभर-दोनशें उतरवितें, एवढें सांगितलें म्हणजे वाचकांस कल्पना येईल. भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या संशोधकांनीं परदेशी सहकाऱ्यांबरोबर २००३ सालीं त्या जुन्या वहींतील आंकडे प्रसिद्ध केले, तेव्हां ज्ञात वादळांपैकीं सर्वांत मोठ्या वादळाचा सर्वांत बोलका पुरावा कुलाब्याचा ठरला. ज्यानें त्या सकाळीं, हें काय भलतेंच चाललें आहे, असें मनांत म्हणतही प्रत्येक आंकडा जसाच्या तसा उतरवून ठेवला, त्या नोंदकाराला आमचा नमस्कार.

४ फेब्रुवारी १८७२ च्या रविवारीं तर त्याहून नवल घडलें. ध्रुवप्रदेशांत दिसणारा ध्रुवीय प्रकाश त्या रात्रीं मुंबईंत दिसल्याचें वर्तमान तेव्हांच्या वृत्तपत्रांत आलें, आणि तारायंत्रांचे व्यवहारही विस्कळीत झाले. मुंबई आणि शहागड यांच्या अक्षांशांत अर्ध्या अंशाच्या आसपासच फरक आहे. तेव्हां त्या रात्रीं आमच्या नदीच्या वाळवंटांत झोंपलेल्या एखाद्या गाडीवानानेंही उत्तरेस तांबूस झांक पाहून गोठा पेटला कीं काय म्हणून उठून बसला असेल, अशी आमची एक कल्पना. पुढें मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरलें. त्यांच्या विजेनें चुंबक सैरभैर होणार, म्हणून १९०४ सालीं वेधशाळेचें चुंबकाचें काम समुद्रापलीकडे अलिबागेस नेण्यांत आलें. नानाभाई मूस हे त्या वेळीं संचालक होते. नवें आणि जुनें ठिकाण दोन वर्षें एकाच वेळीं चालवून आंकड्यांचा सांधा त्यांनीं जुळवून घेतला, म्हणून ती मालिका आजतागाईत अखंड आहे. ट्राम १९०७ सालीं आली आणि १९६४ सालीं गेली. अलिबागचा चुंबक अजून जागेवर आहे. १९७१ पासून हें काम स्वतंत्र भूचुंबकत्व संस्थेकडे असून तिचें मुख्य ठाणें पनवेलीस आहे.

आतां मुख्य गोष्ट. सूर्यानें फेंकलेला भारित वायूचा लोट एक ते तीन दिवसांत पृथ्वीशीं येऊन भिडतो. त्याच्या बरोबर आलेल्या चुंबकाचें तोंड दक्षिणेकडे असलें तर पृथ्वीच्या चुंबकाची कडी निघते आणि ऊर्जा आंत शिरते. ती मुख्यतः ध्रुवांकडे उतरते, आमच्याकडे नव्हे. असें असतां गोदावरीवरच्या आकाशाशीं तिचा संबंध कोणता? ध्रुवाकडील ही वार्ता आमच्याकडे दोन वाटांनीं येते: एक तारेनें आणि दुसरी टपालानें.

तार म्हणजे विद्युत्क्षेत्र. तें ध्रुवाकडून विषुववृत्तापर्यंत जवळजवळ तत्काळ पोंचतें. आपल्याकडे दिवस असेल तर तें रोजच्या क्षेत्राच्याच दिशेनें जोर लावतें. कारंजें दुप्पट उडतें, दाट थराचा डोंगर उंच होतो आणि आणखी उत्तरेस सरकतो. ३० ऑक्टोबर २००३ च्या वादळांत जगाच्या कांहीं भागांवर असें महाकारंजें शास्त्रज्ञांनीं पाहिलें. टपाल म्हणजे वारा. ध्रुवाजवळची वरची हवा तापून फुगते आणि तेथून विषुववृत्ताकडे वारे सुटतात. त्यांना आमच्यापर्यंत यावयास कित्येक तास लागतात. हे वारे तीन कामें करितात. समशीतोष्ण प्रदेशांत ते आयनांना चुंबकरेषांच्या उतारावरून वर ढकलतात, तेथें आयन अधिक टिकतात आणि थर दाट होतो. दुसरें, खालची जड हवा, म्हणजे नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचे जोडअणु, वर आणून ते पसरवितात. या जोडअणूंच्या संगतींत इलेक्ट्रॉन लवकर नाहींसे होतात आणि थर विरळ होतो. तिसरें काम आमच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचें. हे परके वारे आपल्याकडील डायनामो उलटा फिरवूं लागतात. दिवसा जें क्षेत्र वर उचलावयाचें तेंच खालीं दाबूं लागतें. कारंजें बसतें, डोंगर खचतो.

याचा अर्थ असा कीं, तारेचा मजकूर एक आणि मागाहून आलेल्या टपालाचा मजकूर नेमका उलट. एकाच वादळानें सकाळीं आमच्या डोक्यावरचा थर दुणावावा आणि संध्याकाळीं तो निम्म्यावर यावा, यांत कांहींच विसंगति नाहीं. म्हणून ‘चुंबकीय वादळ आलें म्हणजे आयनांबर वाढतें कीं घटतें?’ या प्रश्नाला सरळ उत्तर नाहीं. वादळ कोणत्या घटकेला पोंचलें, तेव्हां येथें सूर्य कोठें होता, ऋतु कोणता, यावर तें अवलंबून. आमच्या घरीं वडील कोणत्याही कामास आधीं वेळ विचारीत. त्यांचें कारण वेगळें होतें, येथलें कारण वेगळें, परंतु प्रश्न तोच.

२०२४ सालचें उदाहरण ताजें आहे. १० मे रोजीं अक्षय्यतृतीया होती. आंब्याचा रस जेवून घरेंदारें झोंपण्याच्या बेतांत असतां रात्रीं साडेदहाच्या सुमारास सूर्याचा लोट पृथ्वीवर येऊन आदळला. २००३ नंतरचें एवढें मोठें वादळ तें पहिलेंच. जगभरच्या चुंबकांची सरासरी ४०० नॅनोटेस्लांच्या आसपास उतरली, आणि तिचा तळ आपल्या दुसऱ्या दिवशींच्या सकाळीं आला. लडाखांतील हानले येथील वेधशाळेच्या कॅमेऱ्यांत त्या रात्रीं क्षितिजावर तांबडा प्रकाश उमटला. अमेरिकेच्या मध्यभागांत मक्याच्या पेरणीचा हंगाम होता. तेथील ट्रॅक्टर उपग्रहांच्या आधारानें आपोआप ओळी धरून चालतात. त्या रात्रीं त्यांच्या ओळी चुकूं लागल्या, आणि कित्येक शेतकऱ्यांनीं भर हंगामांत ट्रॅक्टर उभे केले. भारतांत इतका उपद्रव झाला नाहीं. इस्रोनें त्याचें जें कारण दिलें तें वर सांगितलेल्या वेळेच्या मुद्द्याशीं जुळतें: वादळाचा मुख्य तडाखा आपल्याकडे पहांटेच्या वेळीं बसला, आणि त्या वेळीं दिवसाचें आयनांबर पुरतें भरलेलेंच नव्हतें. हाच लोट दहा तास उशीरां येता तर शहागडाच्या उतारावर काय झालें असतें, हें सांगण्यास आम्ही ज्योतिषी नाहीं. पण तें शांतपणें गेलें नसतें.

आतां रोव्हराकडे वळूं. उपग्रह वेळ सांगतो. त्याचा संदेश यावयास किती क्षण लागले यावरून यंत्र अंतर काढतें. आयनांबरांतून येतांना संदेशास किंचित् उशीर होतो, आणि यंत्राला वाटतें उपग्रहच लांब आहे. आपल्या अक्षांशांत, सूर्यावर डाग पुष्कळ असण्याच्या वर्षांत, भर दुपारीं हा उशीर १५ मीटरांहूनही अधिक अंतराइतका होऊं शकतो. सामान्य मोबाइलांतील निळा ठिपका कधीं कधीं आपणांस शेजारच्या वाड्यांत नेऊन बसवितो, त्याच्या कारणांपैकीं हें एक. मोजणीचें यंत्र यावर दोन तोडगे करतें. एक, दोन निरनिराळ्या लहरी घेऊन त्यांच्या उशिरांतील फरक काढणें, कारण ज्या लहरीची कंपनें कमी तिला उशीर अधिक. दुसरा, जागा पक्की ठाऊक असलेल्या स्थिर ठाण्याशीं आपली तुलना करणें. ठाण्यास जी चूक दिसते तीच आपली समजून वजा करावयाची. विमानांसाठीं इस्रो आणि विमानतळ प्राधिकरण यांनीं २०१५ सालीं सुरू केलेली ‘गगन’ ही व्यवस्थाही अशा ठाण्यांवरच उभी आहे, आणि तिच्या रचनेंत कठीण भाग हाच उतारावरच्या आयनांबराचा होता.

वजाबाकी खरी केव्हां? ठाण्यावरचें आकाश आणि शेतावरचें आकाश सारखें असेल तेव्हां. उतार तीव्र झाला कीं तीं सारखीं राहत नाहींत. त्यांत सूर्यास्तानंतर आणखी एक भानगड होते, आणि तीही वाऱ्यांचीच. मावळतीच्या वेळीं विषुववृत्तावरचे पूर्वेकडे जाणारे वरचे वारे थराला एक शेवटचा जोराचा धक्का देऊन उंच नेतात. खालचा भाग तोंवर विरळ झालेला असतो. म्हणजे जड वर आणि हलकें खालीं; तेलावर पाणी ओतलें तर तेलाचे जसे बुडबुडे वर येतात, तसे विरळ वायूचे प्रचंड बुडबुडे त्या दाट थरांतून वर घुसतात. दक्षिणेच्या टोंकावर ते ५००-६०० किलोमीटर उंच गेले कीं चुंबकरेषांच्या कमानींवरून त्यांचे पाय आमच्या अक्षांशापर्यंत उतरतात. त्यांतून येणारा उपग्रहाचा संदेश ताऱ्याप्रमाणें लुकलुकतो, तुटतो, आणि यंत्राच्या पडद्यावर ‘फिक्स’ जाऊन ‘फ्लोट’ येतें. भारतावर हे बुडबुडे विषुवदिनांच्या आसपास, म्हणजे फाल्गुन-चैत्रांत आणि भाद्रपद-आश्विनांत, सर्वांत अधिक. वेळ, दिवेलागणीपासून मध्यरात्रीपर्यंत. आमच्या चुलतभावांच्या खुंटीची तिथि आणि घटका वाचकांनीं पुन्हां ताडून पाहावी. त्या दिवशीं चुंबकीय वादळ होतें असें आम्ही म्हणत नाहीं. चैत्रांतील संध्याकाळ एकटीच त्या दीड हाताला पुरेशी होती. वादळ आलें म्हणजे तर कधीं हे बुडबुडे होतच नाहींत, आणि कधीं ज्या ऋतूंत व्हावयाचे नाहींत त्या ऋतूंत उत्तररात्रींही होतात.

हें सर्व त्या घरांतील थोरल्या बंधूंस समजावून देतांना आम्हांस बरेच दिवस लागले. त्यांनीं विचारलें, “मग यंत्र खोटें म्हणावें कीं काय?” यंत्र खोटें नव्हतें, तें ‘फ्लोट’ म्हणून स्पष्ट सांगत होतें. मोजणीच्या कागदावर प्रत्येक कोपऱ्यापुढें घेतल्याची वेळ आणि यंत्राचा तो शेरा छापून मिळाला पाहिजे, असें आमचें मत आहे. साखळीच्या काळीं पंचांच्या सह्या घेत. आतां या दोन गोष्टी पंचांच्या जागीं आहेत. त्या कागदावर नसतील तर अर्जदारानें मागाव्या, आणि सायंकाळीं घेतलेला कोपरा दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुन्हां घेतल्याखेरीज खुंटीवर हातोडा पडूं देऊं नये.

सूर्यावरील डागांचें चक्र सुमारें ११ वर्षांचें असतें. सध्यांच्या चक्राचा भर २०२४ च्या सुमारास झाला. परंतु २००३ चीं मोठीं वादळें त्या वेळच्या भरानंतर दोन-तीन वर्षांनीं आलीं होतीं, हें विसरतां येत नाहीं. वादळें विषुवदिनांच्या महिन्यांत अधिक, बुडबुडेही त्याच महिन्यांत अधिक, आणि रबीचीं पिकें निघून शेतें मोकळीं झालेलीं असल्यामुळें मोजण्याही त्याच महिन्यांत. भारताचें आदित्य-एल-१ हें यान जानेवारी २०२४ पासून पृथ्वीपासून १५ लक्ष किलोमीटरांवर सूर्याच्या बाजूस उभें आहे. त्याच्यापाशीं आलेला लोट येथें पोंचावयास सामान्यतः अर्धा ते एक तास लागतो. तेवढ्या वेळांत शहागडाच्या शेतांतील माणसाला यंत्र पेटींत घालून, झाडाखालीं बसून, डबा उघडतां येतो.